खुर्चीवरचा ओला टॉवेल

भुताशी इतक्या सभ्यपणे वागणारा माणूस मी आमच्या सर्बियन कोचशिवाय दुसरा पाहिलेला नाही. आमच्या लालबागमधले लोक भुताला एक तर घाबरतात, नाही तर नारळ देऊन वाटेला लावतात. कोच त्याला खुर्ची देत असे. निळी, प्लास्टिकची, मैदानावरच्या बाकाच्या टोकाला ठेवलेली. तिच्या पाठीवर एक पांढरा टॉवेल घडी घालून ठेवलेला असायचा आणि तिच्यावर बसायची कोणाचीही, अगदी मंडळाच्या अध्यक्षांचीही, छाती नव्हती.

हा बाबा मूळचा बेलग्रेडचा. उंची अशी, की आमच्या चाळीच्या जिन्यात वाकून शिरायचा आणि खोलीत पोचेपर्यंत वाकलेलाच राहायचा. तरुणपणी तिकडच्या मोठ्या क्लबात बास्केटबॉल खेळला, पेपरात फोटोबिटो आले. मग गुडघा गेला आणि त्याची कारकीर्द नकाशावर खाली खाली घसरू लागली. आधी ग्रीस, मग सायप्रस, मग कोच होऊन आखातातला एक संघ आणि शेवटी मुंबईत सुरू होणार म्हणून गाजावाजा झालेली एक लीग. ती सुरू व्हायच्या आधीच बंद पडली. बाकीचे परदेशी लोक घरी गेले. हा मात्र जाता जाता आमच्या मंडळाच्या मैदानाशी थांबला. आत मुली बास्केटबॉल खेळत होत्या, म्हणजे निदान त्यांची तशी समजूत होती. कोचला ते बघवेना. "एवढं दुरुस्त करून मग जातो," असं तो मला इंग्रजीत म्हणाला. त्या दुरुस्तीला बरीच वर्षं लागली. मी मंडळाचा चिटणीस, त्यामुळे त्याला खोली बघून द्यायचं काम माझ्यावर आलं. माझ्याच डोक्यावरची खोली रिकामी होती.

मराठी तो मुलींकडून शिकला, म्हणून मुलींसारखीच बोलायचा. एवढा धिप्पाड माणूस दारात उभा राहून "काका, मी खूप दमले" म्हणाला की माझी बायको पदर तोंडाला लावून आत पळायची. माझ्याच वयाचा, पण मुली मला काका म्हणतात म्हणून मी त्याचाही काका. वाघाला भ्यावं तसा तो वाऱ्याला भ्यायचा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या आणि मधून झुळूक गेली की माणूस मरतो, असं त्याच्या देशात लहान मुलालाही ठाऊक असतं म्हणे. भर मे महिन्यात आमच्याकडे चहाला आला, की आधी उठून एक खिडकी लावायचा. खाली मिरच्या कुटायचं यंत्र चालू, आत आम्ही घामाने निथळतोय आणि हा सुरक्षित. मुलींना सिमेंटच्या पायरीवर बसायची बंदी होती, कारण थंड दगडावर बसलं की पुढे मूलबाळ होत नाही. त्या पायरीवर उन्हात पापड भाजून निघाला असता, पण हे त्याला सांगणार कोण? मुली मुकाट्याने खाली पुठ्ठा घ्यायच्या.

या सगळ्याला हसता यायचं. खुर्चीला येत नसे. सराव संपला की दोरीवर वाळत घातलेले मुलींचे टॉवेल खडखडीत कोरडे असायचे आणि खुर्चीवरचा, ज्याला कोणी हात लावलेला नाही तो, मध्यभागी ओला असायचा. कोणीतरी मानेचा घाम पुसून टाकावा तसा. मी म्हणायचो, मुंबईची हवा दमट आहे. मग ती बाकीच्या टॉवेलांना का लागत नाही, असं मुलींनी विचारलं की मी वर्गणीची वही उघडायचो. एकदा भर दुपारी, मैदानाला कुलूप असताना, आतून चेंडूचा आवाज ऐकला. टप, टप, मग थोडा थांबून जाळीचा सळ्ळ. मी फाटकाच्या फटीतून पाहिलं तर आत कोणी नाही, चेंडू जाळीखाली हळूहळू घरंगळतोय. संध्याकाळी संघाच्या कॅप्टनला विचारलं, तर ती केस बांधत म्हणाली, "ते सर असतील काका. खुर्चीवाले. डावखुरे आहेत ते."

"तुला काय ठाऊक?"

"टॉवेल बघा ना. रोज डाव्या बाजूला पडलेला असतो."

हे सर कोण, ते आम्हाला कळलं ते काकीमुळे. काकी म्हणजे तळमजल्यावर राहणारी माझी चुलती, मालवणची. दादरला मुलींचा पहिला मोठा सामना होता. मुली टेम्पोत बसल्या, टेम्पो सुरू झाला आणि कोचने बादलीभर पाणी त्यांच्या मागे रस्त्यावर ओतलं. काकी दारातून किंचाळली, "अरे मेल्या, मड्याच्या मागसून पाणी ओततत! जित्या चेडवांच्या पाठी कित्याक ओततंस?" खरंच, आमच्याकडे प्रेत बाहेर पडलं की मागे पाणी ओतून उंबरा धुतात. एकीच्या आईने तर हुंदकाच दिला. कोच रिकामी बादली घेऊन कावराबावरा उभा.

मुली सपाटून हरून आल्या. कोच मात्र टेम्पोभोवती अक्षरशः नाचला. "सगळ्या परत आल्या! सगळ्या!" मग पुठ्ठा टाकून पायरीवर बसला आणि मला सांगू लागला. त्यांच्याकडे कोणी दूर निघालं की घरचं माणूस मागे पाणी ओततं. पाण्यासारखं सहज जावं आणि परत यावं म्हणून. त्याचा एक जिवलग दोस्त होता, एकाच संघातला, डावखुरा. एका सामन्यात न दिलेल्या पासवरून दोघांचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी दोस्त परगावी निघाला. कोचच्या आईने याच्या हातात पाण्याचं भांडं दिलं. याने रागाने ते तसंच खाली ठेवलं. पुढे धुक्यात दोस्ताची गाडी आदळली, तो जागीच गेला. "तेव्हापासून तो माझ्याबरोबर असतो," कोच म्हणाला. "त्याला घरी परत जायला वाट नाही. मी वाटच दिली नाही ना."

गेल्या वर्षी कोचच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. ऑपरेशन लवकर करा, नाही तर दिवस मोजा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. बेलग्रेडहून बहीण रोज फोनवर रडायची, तिकडे सगळी सोय झाली होती. पण हा हलेना. मी चिडून विचारलं, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "काका, मी गेले तर मागे पाणी कोण ओतेल? इकडे ते मेलेल्याचं असतं."

एवढ्यासाठी माणूस मरायला तयार! मी काकीला सांगितलं. ती नुसती तांदूळ निवडत राहिली. कोचला मी कसाबसा तयार केला. निघायच्या दिवशी टॅक्सी आली, अख्खी चाळ खाली उतरली, मुली रडत होत्या आणि पाण्याचं नाव कोणी काढेना. इतक्यात काकी नऊवारी सावरत तांब्या घेऊन आली. खुर्चीही तिने मैदानातून आणवली होती. तिथेच रस्त्यावर तिने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो परमुलखातलो झील आपल्या घराक जाता हा. तेच्या काळजाक हात घालतले, तेका सुखरूप ठेव रे म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" मग ती खुर्चीकडे वळली. "आणि तू रे! नुसतो बसान रवू नको. तेच्याबरोबर जा, तेची राखण कर!" पुन्हा आम्ही, "व्हय म्हाराजा!" टॅक्सी हलली आणि काकीने तांब्या रस्त्यावर रिता केला. कोच खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "येते काकी, येते!"

त्या दिवसापासून खुर्चीवरचा टॉवेल कोरडा. बाकावरच्या पत्र्याखाली, भर पावसाळ्यातही कोरडा. ऑपरेशन पार पडल्याचा निरोप आला, तरी कोरडाच. मुलींना ते आवडायचं नाही, आणि खरं सांगतो, मलाही.

परवा दुपारी मैदान उघडलं तर टॉवेल डाव्या बाजूला पडलेला. हातात घेतला तर मध्यभागी ओला. काकीला बोलावलं. तिने टॉवेल चाचपला आणि हळूच म्हणाली, "एकटोच इलो?" मी तिथूनच बेलग्रेडला फोन लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. मग तोच ओळखीचा घोगरा आवाज. "काका! मी बरी आहे."

मी टॉवेलचं सांगायच्या आत तोच पुढे म्हणाला, "डॉक्टर विमानात बसू देत नाही. आता कधीच नाही. पण मुलींकडे कोणीतरी पाहिजे ना? म्हणून त्याला पाठवलं. सकाळी दारात उभी राहिले आणि त्याच्या मागे पाणी ओतलं." मग पुन्हा म्हणाला, "या वेळी ओतलं, काका."

वरच्या खोलीची एक खिडकी मी अजून लावूनच ठेवतो. तिथूनच त्याचा एक धुतलेला टॉवेल घेऊन आलो, ओला काढला आणि कोरडा खुर्चीच्या डाव्या बाजूला नीट घडी घालून ठेवला. डोळे पुसले. मग, काकी ऐकत असताना, रिकाम्या खुर्चीला म्हणालो, "या. मुली पाच वाजता येतात."