पीतांबराखालचं शरीर

रोह्याला आमचा रुग्णवाहिका सहाय्यकांचा वर्ग भरायचा, तेव्हा माणसाचं शरीर कंबरेपाशी संपत असे. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याआधी ते कुठवर होतं, मला ठाऊक नाही.

शिकवायला एक निवृत्त डॉक्टर होते. माणूस सज्जन, पण सज्जनपणाचाच त्यांना आजार होता. वर्गाला शरीराचा नमुना हवा म्हणून त्यांनी तो पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातून करून आणला. कारागिराचा हात काय, आयुष्यभर ज्या वळणावर फिरला त्याच वळणावर फिरणार. आमच्या माणसाचं पोट ऐसपैस होतं. छातीचं झाकण उघडलं की आत गुलाबी हृदय, निळसर फुप्फुसं आणि सोनेरी कडा मारलेलं यकृत. डोळ्यांची आखणी तर इतकी प्रेमळ, की हा माणूस बेशुद्ध आहे असं धरून चालणं अवघड जायचं. आणि कंबरेपासून घोट्यापर्यंत, अंगाबरोबरच घडवून रंगवलेला, जरीकाठी पिवळा पीतांबर. डॉक्टरांनीच कारखान्यात सांगितलं होतं म्हणे, खाली काहीतरी सभ्य करा.

मुलं चपला बाहेर काढून वर्गात येऊ लागली. छाती दाबायच्या सरावाआधी एकाने त्या पुतळ्याला नमस्कार केला, मग सगळेच करायला लागले. मी केला नाही, तर मी उद्धट ठरले. वर्गात मुलगी मी एकटीच, वरसे गावाहून सायकलवर येणारी, त्यामुळे अर्धी उद्धट आधीच होते.

पचनसंस्था संपली त्या दिवशी मी विचारलं, “सर, याच्या खाली काय असतं?”

डॉक्टरांनी खडू खाली ठेवला आणि पंख्याकडे पाहिलं. “ते घरी वाचा.”

“आणि बाळंतपण?”

“त्याला बायका असतात.”

मी कोण होते, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. मानसशास्त्राला मात्र त्यांनी भरपूर वेळ दिला. सार एवढंच, की रुग्णाजवळ हळू बोलावं, त्याचा हात धरावा आणि काही होणार नाही असं सांगावं.

मग सरावासाठी मला पेणच्या एका दवाखान्याच्या गाडीवर पाठवलं. पहिलीच खेप गागोद्याची निघाली. पोटुशी बाई, कळा सुरू झालेल्या, सोबत सासू. गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच लक्षात आलं, की हे प्रकरण पेणपर्यंत थांबणार नाही. ड्रायव्हरने मागचं दिसू नये म्हणून आरसा वर, आभाळाकडे फिरवला. सभ्यतेची साथ सगळीकडेच पसरली होती.

मी शिकल्याप्रमाणे बाईचा हात धरला आणि हळू आवाजात म्हटलं, “काही होणार नाही.”

ती ओरडली, “काय नाय व्हत कसं? व्हतंय ते मलाच ना गो!”

एवढ्या दिवसांत मानसशास्त्रावर ऐकलेलं हेच एक खरं वाक्य.

मूल सासूच्या हातात आलं. ते रडेना. तिथे मात्र मला येत होतं, कारण तोंड आणि छाती कंबरेच्या वर असतात. तोंड पुसलं, अंग कोरडं केलं, पाठ चोळली, आणि पोरगी किंचाळली. सासू हसली, मीही हसले. मग खाली पाहिलं तर रक्त थांबलं नव्हतं.

रक्त येतंय तिथे दाबा, हे आम्हाला पाठ होतं. हाताला कसं, पायाला कसं, डोक्याला कसं. इथे कुठे दाबायचं? मी डोळे मिटून पुतळा आठवला, तर पिवळा पीतांबर दिसला. बाईचे ओठ पांढरे पडत चालले होते. आता तिचा आवाजही येईना. “ही जातंय काय गो?” सासूने मला विचारलं. मी काही होणार नाही असं म्हणाले, आणि त्या वेळी मला डॉक्टरांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही.

पेणला दार उघडताच दवाखान्यातली सिस्टर गाडीत चढली. तिने बाईच्या बेंबीखाली हात रोवला आणि कणीक मळावी तसं पोट जोरजोरात चोळलं. “गर्भाशय आखडलं की रक्त आवरतं,” ती म्हणाली. “तुमाला शिकवलं नाय?” मग माझा हात ओढून तिथे ठेवला. आत काहीतरी घट्ट होत गेलेलं मला तळव्याला कळलं. पुढे सुया, सलाईन झालं. बाई वाचली, म्हणून तर मी हे थट्टेवारी सांगू शकते.

वर्गात परतल्यावर डॉक्टरांनी माझं कौतुक केलं आणि अनुभव सांगायला उभं केलं. “थोडक्यात सांगा,” ते म्हणाले, “आणि चारचौघांत शोभेल तेवढंच.”

मी ड्रायव्हरपासून सिस्टरपर्यंत सगळं सांगितलं. मुलं माना खाली घालून ऐकत होती. मग मी तेलखडू घेतला आणि पीतांबरावर, बेंबीच्या खाली, लालभडक गर्भाशय काढलं. कुठे हात ठेवायचा, तिथे फुली मारली. डॉक्टरांनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं. मला वाटलं, चला, निदान पुढच्यांना तरी शरीर पुरतं मिळेल.

पुढची बॅच सुरू झाल्यावर मी मुद्दाम डोकावले. पुतळ्याला बेंबीपासून खाली स्वच्छ पांढरा पंचा गुंडाळला होता. मुलं रांगेने येऊन त्याला नमस्कार करत होती.