रांगोळीतली न्हाणी

मी काढलेल्या न्हाणीच्या नकाशात सगळं होतं. नळ कुठं, गिझर कुठं, साबण ठेवायला कोपऱ्यात त्रिकोणी फळी, टॉवेलाची दांडी, कोपऱ्यात वॉशिंग मशीन आणि आईला धरून उठता यावं म्हणून डाव्या भिंतीला स्टीलचे दोन दांडे. चौकटीच्या कागदावर, बारीक टोकाच्या पेन्सिलीनं, मापं टाकून. मिस्त्रीनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, लय मस्त काढलं. फक्त एक सांगा. आत जाचं कुठून?"

दार काढायचं राहिलं होतं.

ही चूक दुसऱ्या कुणाची असती तर चालून गेली असती. मी जमीन मोजणीच्या ऑफिसात कारकून. उभी नोकरी लोकांच्या शेतांचे नकाशे चाळण्यात गेली. दोन भावांच्या बांधावरचा वीतभर सरकलेला दगड मी कागदावर बोट ठेवून दाखवतो. बायको चहा घेऊन आली होती. तिनं कागदाकडं एकदा आणि माझ्याकडं एकदा पाहिलं.

"ऑफिसातही असंच करता का वो? लोकाईच्या वावराले रस्ताच ठेवत नसान."

मिस्त्री चहात तोंड घालून हसला. मी दार काढलं. पण ते आत उघडायला लागलं तर गिझरचा नळ त्याला आडवा येत होता, म्हणून सगळाच कागद खोडरबरानं मळला.

आमच्या न्हाणीत दार हा प्रश्न नवा नव्हता. वडिलांनी बल्लारपूरचं हे घर एकेक खोली करत बांधलं. कोळसा खाणीतली नोकरी, बोनस आला की एक भिंत. वर मजला चढवायचा म्हणून त्यांनी आधी जिना बांधून घेतला. मजला चढलाच नाही. जिना मात्र झाला आणि जिन्याखाली जी जागा उरली ती न्हाणी ठरली. लांबी सात फूट, रुंदी साडेचार. दाराशी माणूस ताठ उभा राहतो, मध्ये मान तिरपी करतो आणि शेवटच्या टोकाला त्याला उकिडवंच बसावं लागतं. तिथं उभं राहण्यासारखी जागाच नाही म्हणून वडिलांनी त्या टोकाला सिमेंटचं टाकं बांधलं. दार आत उघडायचं आणि उरलेली जागा तेच अडवायचं, त्यामुळं अंगानं जाड पाहुण्यांना आडवं होऊन शिरावं लागे. छताच्या उतारावर वडिलांनी ऑइल पेंटनं लिहून ठेवलं होतं, "वाका". आणि डोकं आपटायचं ते रोज त्यांचंच. दुपारी तीनच्या सुमारास पहिली पाळी करून ते घरी येत. आतून पाण्याचा आवाज सुरू व्हायच्या आधी एक "धप्" ऐकू येई आणि मग एक शिवी. शिवी ऐकली की आई चहाचं आधण ठेवायची.

वडिलांची आंघोळ हा आमच्या घरातला कार्यक्रम असे. मी उंबऱ्यावर बसून बघायचो. पहिला तांब्या डोक्यावर घेतला की अंगावरून जे पाणी उतरे ते काळं कुळकुळीत. दुसऱ्या तांब्याला राखाडी. पाचव्या-सहाव्याला माझे वडील दिसायला लागत. पाठीवर हात पोचत नसे, म्हणून आई पदर खोचून आत जायची आणि नारळाच्या काथ्यानं त्यांची पाठ घासायची. दोघं त्या एवढ्याशा जागेत, एक बसलेला, एक वाकलेली, काहीतरी हळू बोलत. काय बोलत ते मला कधीच कळलं नाही. मोरीतून ते पाणी अंगणात जाई आणि तिथं अळूची पानं सुपाएवढी होत.

ते टाकं आमचं उन्हाळ्यातलं दैवत. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी नळाखाली हात धरला तर तो भाजतो, गच्चीवरच्या टाकीत चहापत्ती टाकली तर चहा होईल. टाक्यातलं पाणी मात्र गार. आई बाजारात गेली की आम्ही तिघं भावंडं टाक्यात उतरायचो. आमचा समज असा की आईला कळत नाही. आई आली की टाक्यात डोकावून म्हणायची, "पाणी वीतभर खाली गेलं. म्हैस येऊन गेली वाटते." धाकटी बहीण खरंच विचारायची, "कोणाची म्हैस?"

टाक्याला लागून आंघोळीचा दगड. तो आईच्या माहेरचा, वैनगंगेच्या काठचा. लग्न होऊन आली तेव्हा तिनं वडिलांना सांगितलं होतं की सिमेंटवर बसून आंघोळ केल्यासारखं वाटत नाही. वडील पुढच्या खेपेला सासुरवाडीला गेले आणि एसटीतून दगड घेऊन आले. कंडक्टरनं त्यांना विचारलं होतं, "जावईबापूले आहेर म्हणून हेच भेटलं का?" हे वडील आयुष्यभर सांगत राहिले, दरवेळी कंडक्टरच्या तोंडी एक नवं वाक्य घालून.

त्या दगडावर आईनं पन्नासएक वर्षं आंघोळ केली. उजाडायच्या वेळेला. केसांना टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, त्याचा उग्र वास सगळ्या घरात. आणि आंघोळ करताना ती गुणगुणायची. शब्द नसलेलं, नाकातल्या नाकात काहीतरी. आमचा अलार्म तोच होता.

मग मागच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या बकरीला हाकलताना आई अंगणातल्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चालतील, पण खाली बसायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही. बकरी अजून येते.

तेव्हापासून बायको तिला आंघोळ घालायची. दाराशी, जिथं छत उंच आहे तिथं प्लास्टिकची खुर्ची ठेवून. आई एक शब्द बोलायची नाही. माझी आई, जी भाजीवाल्याला पाव किलो वांग्यांसाठी दहा मिनिटं बोलते, ती खुर्चीत बसून डोळे मिटून घ्यायची. गुणगुणणं तर बंदच.

बायको एकदा मला म्हणाली, "मी पाणी टाकते तवा त्या डोळे असे मिटतात, जसं मी साबण नाई, शिक्षा लावून राह्यली."

मी आईला विचारलं, काही त्रास होतो का, सून नीट करत नाही का. आई माझ्यावरच उखडली. "पोर सोन्यासारखी आहे. तिचं नाव घेऊ नको." मग जरा वेळानं, खिडकीबाहेर बघत, "मले एकटीले आंघोळ करता आली पायजे. बस. बाकी तुमी सोन्याच्या टाइल्स लावा."

तर एवढ्यासाठी सगळा घाट होता. न्हाणी नवी करायची ती आईनं आत एकटीनं जावं, एकटीनं न्हावं आणि एकटीनं बाहेर यावं म्हणून. ते जमलं नाही तर बाकी टाइल्स कितीही चकाकल्या तरी शून्य. आणि त्यासाठी मला एकच मार्ग दिसत होता: टाकं फोडायचं. टाकं गेलं की तीन फूट जागा मोकळी. बायकोला कित्येक वर्षांपासून हवं असलेलं वॉशिंग मशीन त्या बुटक्या कोपऱ्यात अगदी नेमकं बसत होतं. तिच्यासाठी मी त्या कोपऱ्यात मशीनचा चौकोन काढून आत गोल झाकणसुद्धा काढलं होतं.

दाराच्या फजितीनंतर मिस्त्रीचा माझ्या कागदावरचा विश्वास उडाला. तो कोरपन्याकडचा, साठीचा माणूस, आम्हाला शिकवल्यासारखं बोलतो. म्हणाला, "कागदावर माणूस बसत नाई भाऊ. खाली काढा. आहे तेवढीच मोठी. मंग त्यात बसून पाहा."

म्हणून रविवारी सकाळी बायकोनं अंगणात रांगोळीनं न्हाणी काढली. सात बाय साडेचार. हिच्या हाताची रेघ माझ्या पट्टीपेक्षा सरळ येते हे मला लग्नानंतर एवढ्या वर्षांनी कळलं. दाराची जागा सोडली (मी दोनदा तपासली), दांड्यांच्या जागी दोन काड्या ठेवल्या आणि मशीनच्या चौकोनात सवयीनं तिनं एक कमळ काढलं.

कुंपणावरून शेजारीण डोकावली. "आज कायचा सण आहे वो?"

"न्हाणीचा," बायको म्हणाली.

आईनं रांगोळीत बसायला साफ नकार दिला. "गाव पाहून राह्यला. मी काय नाटक कंपनीतली आहे?" ती ओट्यावर खुर्चीत बसून सुपात लाखोरीची डाळ निवडत होती. तेव्हा आई मलाच व्हावं लागलं. मी तिचा वॉकर घेतला, दारातून आत शिरलो, स्टुलावर बसलो. मिस्त्री हात पसरून डाव्या भिंतीचं काम करत होता. बायकोनं मला रिकामा तांब्या दिला. मी तो डोक्यावर ओतला. शेजारीण अजून होतीच.

"आता उठा," मिस्त्री म्हणाला.

मी भिंतीचा, म्हणजे मिस्त्रीचा, हात धरला आणि उठायला लागलो. मला स्वतःला कंबरेचा त्रास आहे, त्यामुळं अभिनय फारसा करावा लागला नाही. अर्ध्यात अडकलो. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, भिंत पडते माझी." बायको हसायला हवी होती. ती हसली नाही. ती माझ्याकडं बघतच नव्हती.

"आईंचा हात पाहा," ती हळूच म्हणाली.

आई ओट्यावरून माझी धडपड बघत होती आणि बघता बघता तिचा उजवा हात डाळीतून निघाला होता. बाजूला, जरा मागं, पंजा खाली करून तो हवेत काहीतरी दाबत होता. आपण मोटारीत शेजारी बसलेलो असताना पाय आपोआप ब्रेक दाबतो ना, तसा. मी रांगोळीत जिथं अडकलो होतो, तिथून आईचा हात जिथं जाऊ बघत होता, तिथं कमळ होतं.

"आई, हात कुठी ठेवून राह्यली तू?" मी विचारलं.

आईनं हाताकडं असं पाहिलं जसा तो दुसऱ्याचा आहे. पुन्हा डाळीत घातला. "कुठी नाई. तू नीट उठ आधी."

मी उठलो आणि खऱ्या न्हाणीत गेलो. माझ्यामागं मिस्त्री, त्याच्यामागं बायको, म्हणजे आत हलायला जागा नाही. मी आईच्या दगडावर बसलो आणि उजवा हात तसाच मागं टाकला. पंजा टाक्याच्या कडेवर पडला. पडला म्हणजे बसला. त्या खडबडीत सिमेंटच्या कडेला वीतभर जागा गुळगुळीत होती, घासून जराशी खोलगट झालेली, अंगठ्याच्या जागी वेगळी खोलगट. मी याच न्हाणीत जन्मभर आंघोळ केली आणि मला ती कधी दिसली नव्हती. तिथं रेटा दिला आणि मी पहिल्या झटक्यात उभा राहिलो. डोकं "वाका"वर आपटलं.

मिस्त्रीनं त्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे फोडून तुमी दुकानातला दांडा लावून राह्यले होते. मायच्या हातानं तो दांडा ओळखला तरी असता का?"

मी बायकोकडं पाहिलं, कारण मशीनची जागा जात होती. ती म्हणाली, "माझ्याकडं काय पाहता? मशीन पडवीत ठेवू. त्याले कुठी एकट्यानं आंघोळ कराची आहे?"

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं आणि माझा कागद मिस्त्रीनं सिमेंटच्या पोत्याखाली पसरला. टाकं त्यानं पुढून एक फूट कमी केलं, पण भिंती चढवल्या. डॉक्टरांनी खाली बसू नका म्हटलेलं, म्हणून दगडाखाली वीटकाम करून तो खुर्चीएवढा उंच केला. दगड वर आला की कडही तेवढीच वर यायला हवी. मिस्त्रीनं कडेचा तो झिजलेला तुकडा कटरनं सबंध कापला, पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवला आणि नव्या भिंतीवर बरोबर त्याच अंतरावर बसवला. अंतर मोजायला टेप घेतला नाही. आईला खुर्ची घालून तिथं बसवलं, म्हणाला, "माय, डोळे मिटा आन् हात टाका." हात पडला तिथं त्यानं पेन्सिलीनं खूण केली. दार बाहेर उघडणारं झालं. डाव्या भिंतीला एक स्टीलचा दांडा लावलाच, माझ्या समाधानासाठी.

पहिल्या दिवशी आई वॉकर सोडून काठी घेऊन आत गेली तेव्हा ठरलं होतं की कडी लावायची नाही आणि सून दाराबाहेर उभी राहील. मी ओट्यावर पेपर उघडून बसलो, एक अक्षर वाचत नव्हतो. पाण्याचा आवाज आला. तांब्या टाक्यात बुडाल्याचा, मग अंगावर ओतल्याचा. पुन्हा. पुन्हा. मग काहीच नाही. बायकोनं दाराला हात लावला, काढला, पुन्हा लावला. आतून गुणगुणणं वगैरे काही ऐकू आलं नाही, मी कान देऊन होतो. आला तो दगडावरून काठी घसरल्याचा आवाज, आणि आम्ही दोघंही एक पाऊल पुढं सरकलो तोच दार उघडलं.

आई उभी होती. केस ओले, साडी कशीबशी गुंडाळलेली, निऱ्या एका बाजूला गेलेल्या, एक हात काठीवर. तिनं सुनेकडं पाहिलं, तिच्या खांद्यावरच्या टॉवेलाकडं पाहिलं.

"तू काऊन उभी आहेस इथी खांबासारखी? सैपाकघरात दूध उतू जाऊन राह्यलं तिकडं. दिसत नाई का, वास येत नाई?"

आणि टॉवेल ओढून घेऊन, आमच्या दोघांच्या मधून, ती तिच्या खोलीकडं निघून गेली.

बायकोनं जाऊन गॅस बंद केला. दूध खरंच उतू गेलं होतं. मी समजूत घालायला मागोमाग गेलो. म्हटलं, मनावर घेऊ नको, आठ महिने केलंस, आणि आज हे ऐकून घ्यावं लागलं. ती गॅसच्या ओट्यावर सांडलेलं दूध पुसत होती. चेहरा बघावा तर हसत होती.

"तुमाले काई समजत नाई," ती म्हणाली. "आठ महिने त्या मले एक शब्द लागेल असा बोलल्या नाई वो. भेव वाटे मले. आज बोलल्या. उद्या मी बी उलटून बोलीन."