सोबतीची बिडी

बिडी सोडण्याचा माझ्या थोरल्या भाऊजींइतका दांडगा अनुभव अख्ख्या रिसोड तालुक्यात दुसऱ्या कुणाला नसेल. त्यांनी ती पाडव्याला सोडली, नातीच्या बारशाला सोडली, आणि एकदा तर एसटी स्टँडवर शेजारच्या अनोळखी बाईला ठसका लागला म्हणून तिची माफी मागून तिथल्या तिथे सोडली. सोडायची म्हणजे साऱ्या केनवड गावाला कळवून. बंडलात उरलेल्या बिड्या ते चौकात वाटून टाकत, आणि ज्यांना त्या मिळत ते दुसऱ्या दिवशी उपकार फेडायला एकेक बिडी त्यांच्यापुढे करत. “आता त्याचा हात वापस कसा पाठवू?” असं म्हणत भाऊजी ती घेत.

शेतात एकटे असले की दोन बिड्यांत त्यांचा दिवस निघे, पण चौकातल्या पानटपरीवर माणसं जमली की मोजदाद संपे. बांधावरून भांडून वर्षभर अबोला धरलेल्या दोन भावांच्या मधे ते एकदा जाऊन बसले. बिडी पेटवून थोरल्याला दिली आणि म्हणाले, “दोन झुरके घे अन् त्याले दे.” थोरल्याने दिली, धाकट्याने घेतली, आणि संध्याकाळी दोघे एकाच मोटारसायकलवर शेतात गेले. तेव्हापासून भाऊजींच्या बिडीला पुण्यही चिकटलं. मग ती सुटणार कशी?

वाशीमच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरून दाखवला, तेव्हा मीच सोबत होतो. त्या वेळी त्यांनी बिडी कुणालाही न सांगता सोडली, म्हणून ती खरोखर सुटली. सात महिने.

गावातली माणसं भली. भाऊजी येताना दिसले की सगळे हातातल्या बिड्या विझवत, पण त्याबरोबर गप्पाही विझत. दोन मिनिटं कुणी तब्येत विचारी, मग एकेकाला काम आठवे. हे ध्यानात आल्यावर ते चौकात जाईनासे झाले. “माह्यामुळे लोकाइले बसता येत नाई,” एवढंच ताईला म्हणाले.

मी वाशीमजवळच्या मालेगावला शाळेत शिकवतो. दर वर्षी मुलांकडून तंबाखूला न शिवण्याची शपथ म्हणवून घेतो, आणि स्वतः चोरून सिगरेट ओढतो. त्या दिवाळीत भाऊजी मला स्टँडवर सोडायला आले. बसला वेळ होता. मी सिगरेट पेटवून हळूच कडुनिंबाच्या आड गेलो.

“तू बी दूर जाऊन राह्यला?” भाऊजी म्हणाले.

मी परत येऊन शेजारी बसलो. त्यांनी हात पुढे केला. तो फोटो मी पाहिला होता, तरी मला नाही म्हणता आलं नाही. दोन झुरक्यांनी त्यांना डोळ्यांत पाणी येईतो खोकला आला, आणि मग ते बोलायला लागले. माझ्या शाळेचं, सोयाबीनचं, गावातल्या लग्नांचं. मी एक बस जाऊ दिली.

आठवड्याभरात ते पुन्हा चौकात बसू लागले. उन्हाळ्यात गेले.

तेरवीनंतर ताई पाहुण्यांसाठी काढलेल्या सतरंज्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं. तिने घडी थांबवली नाही.

“मले माहीत हाये,” ती म्हणाली. “घरी आले तवाच वास आला होता.”

“मंग बोलली काहून नाई?”

“सात महिने भिंतीकडे तोंड करून जेवत होते ते. त्या दिवशी जेवताना मले गोष्ट सांगतली.”

“कोणती?”

ती सांगायला लागली, आणि अर्ध्यावर येऊन तिला हसू फुटलं. पुढची गोष्ट काही तिला सांगता आली नाही. मीही विचारली नाही. सतरंजीचं दुसरं टोक धरून उभा राहिलो.