साहेबांनी मंजूर केलेला कागद

खरं सांगते, त्या रविवारी मला जायचंच नव्हतं. मार्चच्या कामानं जीव मेटाकुटीला आला होता, आणि त्यातच आमच्या कार्यालयानं हुडकेश्वरच्या प्रौढ साक्षरता वर्गाच्या मदतीसाठी आनंदमेळा अंगावर घेतलेला. आपण सगळे मिळून करू, असं मीटिंगमध्ये झाडून सगळे म्हणाले. सकाळी सातला तर्री-पोह्याच्या स्टॉलवर कांदे चिरायला मी आणि आमचे कॅशियर, दोघंच. बाकीचे दहाला उगवले, फोटोपुरते.

वर्गातल्या एका बाईनं स्टेजवर स्वतः लिहिलेलं वाचून दाखवायचं ठरलं होतं. पन्नाशी उलटलेली, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. नवरा पूर्वी उमरेडला हातमागावर बसायचा, आता एका अपार्टमेंटचा वॉचमन. या वयात शिकून कोणती कलेक्टर होणार, म्हणून तो तिला उठताबसता टोमणे मारायचा. मेळ्यात तिचं वाचन ऐकतो, नाही जमलं तर वर्ग बंद, असं त्यानं सांगून टाकलं होतं. हे तिनंच मला सांगितलं, आठवडाभर आधी वहीचं पान हातात देताना. पानावर आठ ओळी होत्या. मोठी, वाकडी, पण स्वच्छ अक्षरं: 'मी बसस्टँडवर उभी होती. मी पाटी वाचली. काटोल लिहिलं होतं. मले कोणाले विचारा लागलं नाही. मी पोरीच्या घरी गेली...'

आता मी काय करायला हवं होतं? ते पान तसंच तिच्या हातात परत द्यायचं. पण पंचवीस वर्षं खुर्चीत बसून माणसाचं काय होतं ते बघा. आमच्याकडून बाहेर जाणारा कागद साहेबांच्या सहीशिवाय आम्ही जाऊच देत नाही. मी त्या पानाला टिपणी जोडली आणि मंजुरीला पाठवलं. साहेब म्हणाले, पाहुणे येणार आहेत, स्टेजवर बोलीभाषा बरी दिसत नाही, जरा सुधारून घ्या. त्यांनी चार ओळी बदलल्या, उरलेल्या मी बदलल्या. 'साक्षरतेच्या माध्यमातून माझ्या सर्वांगीण उत्कर्षास चालना मिळाली', हे पहिलं वाक्य माझं. साहेबांनी त्यावर बरोबरची खूण केली तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं होतं, याची आता लाज वाटते.

टाइप केलेला कागद मी छानशा फोल्डरमध्ये घातला आणि तिचं नाव पुकारल्यावर तिच्या हातात दिला. आपलंच पान आत आहे अशा समजुतीनं ती वर गेली. नवरा तिसऱ्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

तिनं फोल्डर उघडलं. खाली माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे. 'सा' म्हणाली आणि थांबली. मी तर्रीचा डाव हातात धरून उभी. पुढे जाऊन बोलायला हवं होतं. तेवढ्यात आमच्या लोकांनी तिला सांभाळून घ्यायला म्हणून टाळ्या वाजवल्या, अगदी जोरात, मीही डाव ठेवून वाजवल्या. ती फोल्डर टेबलावर ठेवून उतरली. नवरा तोवर गेटपाशी पोचला होता.

बुधवारी वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेचा फोन आला, ती येत नाही म्हणून. मी फाइल काढली. आमच्या पद्धतीप्रमाणे टाइप केलेली प्रत वर आणि तिचं मूळ पान मागे, टाचणीनं जोडलेलं. कार्यालय सुटल्यावर ते कागद घेऊन तशीच हुडकेश्वरला गेले. पाय भरून आले होते, डोकं ठणकत होतं, आणि काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

नवरा घरीच होता, टीव्ही लावून. चूक आमची आहे, कागद आम्हीच बदलला, हे मी त्याला उभ्याउभ्याच सांगितलं. तिनं माझ्या हातातून ते कागद घेतले, मागचं पान काढलं आणि बोट ठेवत आठही ओळी वाचल्या, न अडखळता.

"पाठ केलं असन तुनं," तो म्हणाला.

माझ्याकडे देण्याआधी तिनं महिनाभर तेच पान घोटलं होतं, पाठ असणारच. मला वाटलं, संपलं सगळं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं ते पान बाजूला ठेवलं, वरचा टाइप केलेला कागद समोर धरला आणि भिंतीला टेकून खाली बसली. "हे तं पाठ नाही ना मले," म्हणाली.

मग सुरू केलं. सा. क्ष. एकेका अक्षराला थांबत, परत मागे येत. साक्षरतेच्या. कपाळावर घाम आला तिच्या. माध्यमातून म्हणायला किती वेळ लागला, देव जाणे. नवऱ्यानं रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला. ती 'सर्वांगीण'वर अडली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. मी उंबऱ्यात उभी होते. तो शब्द मी घातला होता, आणि एवढे कष्ट उपसावेत असं त्यात काहीच नव्हतं.