आईने हातही न लावलेल्या चाकूला मी पाच स्टार दिले

थांबा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. मगाशी मोबाईलवर एका चाकूखाली कोणीतरी लिहिलेलं वाचलं, "अजून वापरला नाही, पण मस्त वाटतोय, पाच स्टार," आणि माझं डोकंच सटकलंय. अरे वापरला नाहीस तर गप्प बस ना! तुला कोणी विचारलंय? आणि त्या ओळीला चाळीस जणांनी "उपयोगी" म्हणून अंगठा दिलाय. कशासाठी उपयोगी?

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? मीही हेच केलंय. अगदी हेच.

आमचं घर नाशिकला, इंदिरानगरमध्ये. आई चिरलेल्या भाजीच्या पिशव्या देते, आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधली मिळून नऊ घरं. नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारी घरं, त्यांना गवार मोडायला वेळ नाही. आई सकाळी सहाला मार्केटातून भाजी आणते, निवडते, धुते, चिरते, संध्याकाळी पिशव्या दारात. इतकी वर्षं हे सगळं विळीवर, खाली बसून. मग तिचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, खाली बसणं बंद. बाबा म्हणाले, मग कामही बंद कर. आई म्हणाली, "बसणं बंद. काम नाही. मी उभी राहून चिरीन."

हे काम तिला का हवंय ते आमच्या घरात सगळ्यांना माहितीये. ते तिचं स्वतःचं आहे. बिल्डिंगमध्ये तिला माझी आई म्हणून कोणी ओळखत नाही, भाजीवाल्या काकू म्हणून ओळखतात, आणि तिला ते जाम आवडतं.

तर मी लगेच, हो लगेच, म्हणालो, "चाकू मी बघतो, तू टेन्शन घेऊ नको." आणि बसलो रिव्ह्यू वाचत. एका बैठकीत दोनशे तरी वाचले असतील. "पॅकिंग एक नंबर." मी पॅकिंग चिरणारे का? "डिलिव्हरीवाला फार नम्र होता." बरं, त्याला घेऊन या, तोच चिरेल. "बहिणीला गिफ्ट दिला, खूश झाली." आणि ते कागदवाले! हवेत कागद धरायचा, सर्रकन कापायचा, व्हिडिओ टाकायचा. कोणाच्या घरी कागदाची भाजी होते, सांगा मला.

पण तेव्हा मला हे काही सुचलं नाही. मी तो कागदाचा व्हिडिओ बघून "बाप रे" म्हणालो आणि तोच चाकू मागवला. लांब पातं, त्यावर लाटांसारखी नक्षी, काळी जाड मूठ.

पार्सल आलं तेव्हा आई कमी पडलेली कोथिंबीर आणायला परत मार्केटात गेली होती. मी उघडलं, कागद कापला (हो, मीपण), व्हिडिओ केला आणि लिहिलं, "आईसाठी घेतला. आईला प्रचंड आवडला. रोज चार किलो भाजी आरामात. डोळे झाकून घ्या." पाच स्टार. लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली. आई तासाभराने घरी आली. तिने तोपर्यंत तो चाकू पाहिलाही नव्हता.

पुढे काय झालं ते नीट ऐका, कारण हे कुठल्याच रिव्ह्यूत नसतं. विळीला पातं जागेवर असतं आणि भाजी हलते. दोन्ही हात भाजीवर. आईच्या हाताला तीच सवय. तिने पहिला कांदा घेतला, चाकू ओट्यावर उलटा धरला, धार वर, आणि कांदा वरून त्याच्यावर दाबायला लागली. मी ओरडलोच.

"मग कसा धरू?"

"फळीवर कांदा ठेव, वरून चाकू चालव."

"म्हणजे एक हात नुसता धरायला? मग चिरणार कोण, तू?"

तिने प्रयत्न केला. मग हातात धरून अंगठ्याकडे ओढून चिरायला गेली, आपल्याकडे निम्म्या बायका तशाच चिरतात, पण हा चाकू एवढा लांब की टोक मनगटाच्या पुढे. मूठ एवढी जाड की ओल्या हातात फिरायची. दोन किलो गवारीला दुपार गेली. कांदा जाडाभरडा झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई दारात पिशवी बघून हसत म्हणाल्या, "काकू, आज कांदा घाईत झाला वाटतं." आई पण हसली. दार लावल्यावर हसली नाही.

मी म्हणालो, "सवय होईल गं." हे वाक्य मी आठवडाभर म्हणालो. कारण चाकू वाईट आहे म्हटलं असतं तर मी लिहिलेलं खोटं ठरलं असतं. लाज वाटते सांगताना.

मग गुरुवारी लाल भोपळा आला. आमच्यात अख्खा भोपळा बाई आधी कापत नाही. पहिला वार घरातल्या पुरुषाने करायचा, मग पुढचं बाईने. बाबा नाशिक रोडला कामावर. राहिलो मी. आईने भोपळा दोन्ही हातांनी घट्ट धरला, मी हिरोसारखा चाकू घुसवला, आणि तो अर्ध्यात अडकला. मी पिळला. मूठ माझ्या हातात आली आणि पातं वाकडं सुटून आईच्या डाव्या अंगठ्याखाली गेलं.

चार टाके.

मूठ मी नंतर बघितली. पातं आत गेलेलं जेमतेम दोन बोटं, बाकी आत पोकळ, डिंकासारखं काहीतरी भरलेलं. दोनशे रिव्ह्यू वाचले, एकानेही लिहिलं नव्हतं की पातं मुठीत किती आत आहे. पॅकिंगबद्दल मात्र सगळ्यांना सगळं माहीत!

आईच्या पिशव्या बंद. बाबा म्हणाले, "झालं? आता तरी ऐक." आईने एका हाताने रिकाम्या पिशव्या गोळा केल्या आणि ओट्याखाली ठेवून दिल्या. आठवड्यात तीन घरांनी ॲपवरून चिरलेल्या भाजीची पाकिटं सुरू केली.

त्यातच चांदवडच्या मावशीचा फोन. आईच्या हाताला पट्टी, म्हणून मी स्पीकरवर लावला.

"काय गं, चाकू मागवला मी, तुझ्या पोराचं वाचून. लय फालतू हाय की. कांद्याची पात कापाया बसले, दुसऱ्या दिशी मूठ हालाया लागली. तुला कसा काय एवढा आवडला?"

"मला?" आई म्हणाली.

"मंग! लिवलंय ना त्यानं. आईला प्रचंड आवडला म्हणून. तुझं नाव दिसलं म्हणून घेतला, नायतर मी कशाला घेते बाई."

मी मोबाईल उचलायला गेलो. आईने उजव्या हाताने माझं मनगट धरलं. "वाच," म्हणाली. "काय लिहिलंयस ते वाच." मी वाचलं. तिकडे मावशी पण ऐकत होती.

"रोज चार किलो आरामात," आई म्हणाली. "हे मी कधी म्हणाले? मी तर तेव्हा मार्केटात होते. कागद तू कापलास आणि नाव माझं घातलंस."

"अगं, फ्लोमध्ये लिहिलं गेलं..."

"आक्के, त्याचे कान धर," मावशी म्हणाली. "आणि आधी माझ्याकडून दोन लाव."

तिथल्या तिथे, दोघींसमोर मी तो रिव्ह्यू काढून टाकला. मावशी म्हणाली, "काढला? मंग माझ्याकडचा चाकू पण काढून ने."

टाके निघाल्यावर आई मला मेनरोडच्या मागच्या गल्लीत एका जुन्या भांड्यांच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने आधी सगळ्यात चमकणारा चाकू पुढे केला. आईने पर्समधून मूठभर गवार आणि एक कांदा काढला.

"ताई, इथेच भाजी करणार का?" तो हसत म्हणाला.

"फोडणी घरी घालीन. पाणी द्या थोडं."

तिने हात ओले केले आणि एकेक चाकू ओल्या हाताने धरून बघितला. अंगठा पात्याच्या मागे कुठे बसतो, टोक कुठे येतं, मूठ फिरते का. मग विचारलं, "सायकलवाला धार लावणारा येतो, त्याच्या दगडावर हा चालतो का?" दुकानदार आता हसत नव्हता. त्याने मागून एक छोटा, हलका, लाकडी मुठीचा काढला. पातं मुठीच्या टोकापर्यंत आरपार, तीन खिळे बाहेरून दिसतात. "चालतो. पण ओला ठेवला तर डाग पडतील," म्हणाला. आई मला म्हणाली, "बघ, ह्याला म्हणतात सांगणं."

मी दुकानातच मोबाईल काढला. तिने खाली ठेवायला लावला. "महिनाभर मला चिरू दे."

चिरलं तिने. पहिले चार दिवस फक्त दोन घरांचं, मग पाच, आता सहा. बाकीची तीन परत आली नाहीत. डाव्या अंगठ्याखाली अजून बधिर आहे, त्यामुळे मेथीचं देठ हाताला नीट कळत नाही, ती बघून बघून चिरते. वेळ जास्त लागतो. पण कांदा पूर्वीसारखा बारीक झालाय.

महिन्याने तिने शेजारी बसून त्या दुकानाच्या मोबाईलवरच्या पानावर रिव्ह्यू लिहायला लावला. मी सुरुवात केली, "उत्तम चाकू." ती म्हणाली, "उत्तम काढ. कोणाला उत्तम, ते लिही." मग लिहिलं की हातात धरून चिरणाऱ्या, लहान हाताच्या बाईला चांगला. उभं राहून, ओल्या हाताने, रोज तीन-चार किलो, महिनाभर वापरला. धार दोनदा लावली. कोबीला लहान पडतो. लाल भोपळ्याला अजिबात लावू नका. पुसून नाही ठेवला तर काळा पडतो. विळीची सवय असेल तर पहिला आठवडा चिडचिड होईल.

खाली आलेला पहिला प्रतिसाद, "एवढं कोण वाचणार भाऊ? फोटो टाक."

कोण वाचणार? ज्याच्या घरात टाके पडलेत तो वाचेल! मी पुढे अजून चार ओळी ठोकणार होतो, पण आई म्हणाली गवार मोडायला ये, सहा घरांचं राहिलंय.

आता तुम्ही सांगा, आणि खरं सांगा. न वापरता, दुसऱ्याच्या नावावर, नुसत्या उत्साहात तुम्ही कधी पाच स्टार दिलेत का? आणि ते वाचून तुमच्याच घरातल्या कोणी ती वस्तू घेतली का?