श्रावणच्या तेरा जबान्या

अकोल्याच्या कोर्टात श्रावण नक्कलनवीस होता. साक्षीदारांच्या जबान्या उतरवून काढायच्या, हेच काम. एका खुनाचे सात साक्षीदार सात तऱ्हा सांगत. असे इतके खून त्याच्या हाताखालून गेले की सरळ सांगितलेली गोष्ट त्याला खोटीच वाटू लागली.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात, मोर्शीजवळच्या गावी, त्याचा बाप बुधाजी मारला गेला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बुधाजीने मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. त्या रागाने पाटलाच्या पुतण्याने, भगवंतने, आणि त्याच्या माणसांनी भर दुपारी विहिरीवर त्याला काठ्यांनी हाणलं. कवटी फुटेस्तोवर हाणलं. अख्ख्या गावाने पाहिलं, पण कोर्टात एकानेही तोंड उघडलं नाही. भगवंत सुटला.

न झालेल्या त्या साक्षी श्रावणने लिहिल्या. 'तेरा जबान्या' त्याची पहिली कादंबरी. माणसं तेरा, खून एक. प्रत्येक जण 'विचारल्यावरून सांगतो की' म्हणून सुरू होतो आणि पूर्णविराम न घेता अस्सल वऱ्हाडीत धावत सुटतो. तेरावी जबानी मेलेल्याची. पुण्याच्या प्रकाशकाने 'हे पोलिसी कागद आहेत' म्हणून बाड परत केलं. एकसष्टमध्ये अमरावतीच्या एका लहान छापखान्याने ती छापली.

गावात कोणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवली. पुढच्याच रविवारी सकाळी भगवंत दोघांना घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरातल्या श्रावणच्या खोलीत घुसला.

"आमचं नाव काहून लिवलं बे?"

"नाव कुठी लिवलं? तुमीच सोताले ओयखलं."

दोघांनी श्रावणला खाली पाडून त्याचा उजवा हात उंबरठ्यावर दाबून धरला. भगवंतने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि बोटं ठेचली. तिसऱ्या घावाला श्रावणच्या बायकोने, शालूने, चुलीवरचं आधण भगवंतच्या तोंडावर फेकलं. तो गुरासारखा ओरडत बाहेर पळाला.

कोर्टात शालू न अडखळता बोलली. भगवंतला दोन वर्षांची शिक्षा झाली.

श्रावणची बोटं वाकडीच राहिली. तो डाव्या हाताने दुसरी कादंबरी लिहू लागला. हात लवकर भरून यायचा, म्हणून वाक्यं तीन-चार शब्दांची झाली. या कादंबरीत त्याने भगवंतला 'मी' केलं. पहिलं वाक्य होतं, 'मारताना बरं वाटलं.'

शालूने पान खाली ठेवलं. "त्याच्या तोंडानं काहून बोलून राहिले तुमी?"

"मारताना त्याले काय वाटलं, हे कोर्टात कोणीच इचारलं नाही."

 लिहिताना काठी उचलल्यासारखा खांदा भरून यायचा, आणि ते आवडतंय की काय, या भीतीने तो उठून मोर्णा नदीच्या काठाने चालत सुटायचा. पाच वर्षं लागली. पानं भरली ऐंशी. शालूने प्रुफं तपासली, पण तो लिहीत असताना ती त्या खोलीत कधी बसली नाही.