पाहुणा कोण असावा

“ही झेंड्याची दोरी ओढणार? मग आमी काय खिचडी ढवळू?”

शाळा समितीचे अध्यक्ष असं म्हणाले आणि ऑफिसातली चारी माणसं हसली. मी दारात उभी. बोलावलंय म्हणून गॅस बारीक करून आले होते. बसा म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही. एक सभासद खिडकीकडं बघत बोलला, “हिला शिजवायला घेतली तवाच मी बोललो हुतो.”

बोलला होता, खरंय. आम्ही बौद्ध वस्तीतले. मी शाळेत आहार शिजवायला लागले तेव्हा दोन महिने त्याची नातवंडं घरून डबा आणायची. नंतर पोरंच ऐकेनात. ताट घेऊन रांगेत.

झालं काय ते सांगते. आमची शाळा इंदापूर तालुक्यातली, चौथीपर्यंत. चौथीच्या मॅडम पोरांना आपलं म्हणणं लिहून पटवून द्यायला शिकवत होत्या. आधी म्हणणं. मग कारणं. मग समोरचा काय आडवं बोलेल, त्याला उत्तर. मी व्हरांड्यात तांदूळ निवडत ऐकायची. माझी शाळा दुसरीतच सुटलेली. वाचायला लागले ती अशीच, फळ्याकडं चोरून बघत बघत. तर मॅडमनी विषय दिला, झेंडावंदनाला पाहुणा कोण असावा. आमच्याकडं ज्यानं पंखा दिला, कपाट दिलं, त्याला मान. पंख्याच्या पात्यावर नाव पण रंगवतात.

प्रणाली, ट्रॅक्टरवाल्याची पोर. तिनं लिहिलं, मावशी. म्हणजे मी.

“पंखा बंद पडला तरी शाळा भरते. मावशी आल्या नाहीत तर आम्ही उपाशी राहतो. कुणी म्हणेल, मावशींनी शाळेला काय दिलं? असं म्हणणाऱ्यालाच विचारा, तुम्ही रोज काय देता?”

मॅडमनी ते भिंतीवर लावलं. अध्यक्षांनी वाचलं. म्हणून मी दारात.

हेडसर हळूच म्हणाले, “मावशी, वर्गात जा. मला हे मान्य नाही म्हणा. पोर खोडून टाकेल. तुमचा करार पुढच्या महिन्यात याच लोकांपुढं यायचाय.”

“आणि पोरीला कुनी शिकिवलं तेबी सांग,” अध्यक्ष म्हणाले.

मी निघाले. खोटं कशाला सांगू, नको म्हणायलाच निघाले होते. आजवर तेच म्हणत आले. पुढं बसा, नको. चहा घ्या, नको. कुणी उठवायच्या आधीच आपण उठायचं. सवयच लागलेली.

वर्गात प्रणाली उभी. भिंतीवरचा कागद तिच्या हातात, दुसऱ्या हातात खोडरबर. मॅडम खाली बघत होत्या. मागं हेडसर.

पोरगी म्हणाली, “मावशी, तुमाला न्हाय पटलं का?”

काय सांगू. आज मी नको म्हटलं असतं, तर ही पोर जन्मभर खोडत बसली असती.

“पटलं,” मी म्हणाले. “खोडू नको. वाच मोठ्यानं.”

तिनं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मी सरांकडं वळले.

“सर, अध्यक्षांना पटलं न्हाय तर त्यांनीबी कारणं लिहून द्यावीत. चौथीच्या पोरीनं दिल्यात. हसणं हे कारण नव्हं.”

कुठल्या तरी पोरानं मागून टाळी वाजवली आणि घाबरून थांबवली.

झेंड्याची दोरी अध्यक्षांनीच ओढली. मॅडमना नोटीस आली. माझ्या करारावर सही झाली नाही. सरांनी निरोप धाडला, जाऊन पाया पडा, होईल काहीतरी.

पाया नाही पडणार. मी अर्ज लिहिलाय. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. त्यात दया नाही, कृपा नाही. मला का ठेवायचं, त्याची कारणं आहेत. मॅडमचा काय गुन्हा, हाही सवाल आहे. त्याची पोच घेतल्याशिवाय मी ऑफिसच्या पायरीवरून उठणार नाही. नाही म्हणायचं असेल तर कागदावर म्हणा, कारण लिहून, खाली सही करून.